टॅक्सीतलं गाणं

रफिक आखातातल्या खोर फक्कानच्या बंदरात क्रेन चालवतो. तो आणि त्याची बायको अन्वरी, दोघंही रत्नागिरीकडचे. लग्नानंतर अन्वरी पहिल्यांदा इकडे आली, तेव्हा विमानतळावरून येताना टॅक्सीत एक इंग्रजी गाणं लागलं होतं. शब्द दोघांनाही कळले नाहीत. बाहेर करपलेले उघडे डोंगर आणि आत ते संथ, रडवेलं गाणं. अन्वरीला एकदम रडू फुटलं आणि रफिकनं तिचा हात धरला. हा किस्सा ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. रफिक नुसता हसायचा.

परवा जुम्म्याला त्यांची मुलगी यम्ना दुबईहून आली होती. जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "अब्बा, ते गाणं गुणगुणा ना. आय विल फाइंड इट."

रफिक लाजत मोबाइलसमोर गुणगुणला. गाणं सापडलं. गिटार, आणि भरदार पुरुषी आवाज.

"हेच! खलास, हेच ते!" रफिक उठून उभाच राहिला.

"हे कुठलं?" अन्वरी म्हणाली. "बाई गात होती."

यम्नानं मोबाइलवर वाचून पाहिलं. गाणं मूळचं एका काळ्या गायिकेचं होतं. पुढे काही वर्षांनी एका गोऱ्या गायकानं तेच गाणं गावाकडच्या ढंगात गायलं. "बोथ वेंट टू नंबर वन, अम्मी." तिनं बाईचं गाणं लावलं.

"हे बघा! हेच!" अन्वरीच्या अंगावर काटा आला.

"ही बाई मी जन्मात ऐकली नाही," रफिक म्हणाला.

यम्ना हसली. अन्वरीला मात्र हसू येईना. टॅक्सी एक, गाणं एक, मग आवाज दोन कसे?

"तुम्ही दुसऱ्या कुणाबरोबर ऐकलं असेल," ती बोलून गेली आणि स्वतःच दचकली.

"कुणाबरोबर? एका खोलीत आम्ही सात बाप्ये राहायचो!" रफिक म्हणाला. "त्या माणसाच्या आवाजानंच तर मला रडू आलं."

"तुम्हाला? रडले मी!"

"तू कुठे रडलीस? रडलो मी. हात तू धरलास."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू सगळ्यांना इतक्या हौसेनं सांगायचीस. वाटलं, असू दे."

"आणि रडलात कशाला?"

"भीती वाटली. तुला आणलं तर खरं, पण इथं तुझं मन रमेल की नाही, कुणास ठाऊक."

त्याच्यावर रागवावं की माया करावी, ते अन्वरीला कळेना. ती चहा टाकायला आत गेली. बाहेर यम्ना आलटून पालटून दोन्ही गाणी लावत होती. ओट्याशी उभं राहून अन्वरीनं डोळे मिटले आणि ती टॅक्सी आठवून पाहिली. डोंगर दिसले, ड्रायव्हरची मान दिसली. पण मागच्या सीटवर डोळे कोण पुसतंय, ते काही केल्या दिसेना.