खंडेनवमीची सुट्टी

डॉ. बद्रीनाथ केळकर खरं तर सप्टेंबरमध्येच निवृत्त व्हायचे. पण संस्थेने त्यांना ‘चालू प्रयोग पूर्ण होईपर्यंत’ मुदतवाढ दिली. पत्र लिहिणाऱ्याने शास्त्रज्ञ कधी जवळून पाहिला नसावा.

प्रयोग होता ताऱ्यांमधल्या काळोखात चालणाऱ्या रसायनाचा. पोलादी डब्यात उणे दोनशे त्रेसष्ट अंशांवर कार्बन मोनॉक्साइडचा बर्फ गोठवायचा, त्यावर हायड्रोजनचे सुटे अणू सोडायचे आणि शेवटी बर्फ तापवून काय तयार झालं ते बघायचं. तिकडे अवकाशात अणूला अणू भेटायला वर्षानुवर्षं लागतात. भेटले तरी टेकायला धुळीचा कण नसेल, तर दोघं पुन्हा आपापल्या वाटेने जातात.

तीस दिवस पुरले असते. आज सत्तेचाळिसावा होता. केळकर सरांच्या चिकाटीचं संचालक कौतुक करत. पत्नी सत्यशीलाबाई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि हडपसरच्या फ्लॅटमध्ये आता फ्रिजचाच काय तो आवाज असायचा. बर्फ तापवला की प्रयोग संपणार, मग दिवसभर फ्रिज.

खंडेनवमीला सर अकराला पोचले, तर प्रयोगशाळा गप्प. डबा गार ठेवणाऱ्या शीतयंत्राला झेंडूची माळ, हळदकुंकू, समोर पेढे. कंत्राटी तंत्रज्ञ रतनने पहाटे पाचला पूजा करून यंत्र रीतीप्रमाणे बंद केलं होतं.

“आज यंत्रांना सुट्टी असती, सर,” तो म्हणाला. मग सरांचा चेहरा बघून हळूच, “काय नुकसान झालं का?”

संगणक घरघरत नाही, म्हणून तो पूजेतून सुटला होता. पडद्यावर सगळी नोंद होती. यंत्र थांबल्यावर डबा हळूहळू आपोआप तापत गेला होता; आधी कार्बन मोनॉक्साइड उडून गेला, मग बराच वेळ सपाट रेघ, आणि शेवटी एक नीटस डोंगर. मिथेनॉल. बर्फावर तयार झालं होतं ते हेच. इतका स्वच्छ आलेख सरांनी स्वतः तापवूनही काढला नसता.

प्रयोग बिघडला, एवढं म्हटलं की पुरे होतं. नव्याने तीस दिवस मिळाले असते. सरांच्या हिशेबाने पन्नास. रतनचं कंत्राट मात्र संध्याकाळपर्यंतही टिकलं नसतं. तो दाराशी माळेतून गळलेलं फूल हातात घेऊन उभा होता.

“नाही,” सर म्हणाले. “प्रयोग पूर्ण झाला.”

“मग लावू का परत चालू?”

“कशाला? सुट्टी आहे ना त्याला.”

आलेख संचालकांना पाठवून, कुंकवाची पुडी आणि एक पेढा घेऊन सर दुपारच्या बसने घरी आले. फ्रिज घरघरत होता. त्यांनी त्याला कुंकू लावलं, पेढा ठेवला.

बंद मात्र केला नाही.