लोण्यासारखी चालते

धाकट्यानं दादाची गाडी घेतली, ती गाडी हवी होती म्हणून नव्हे. दादा 'घे' म्हणाला म्हणून घेतली. दादा काही द्यायला निघाला की धाकट्याच्या तोंडून 'नको' निघतच नसे. लहानपणापासून दादाचे शर्ट, दादाचे बूट, दादाची कंपासपेटी, सगळं वापरून झालं की त्याच्याकडे यायचं. पंधरा दिवसांत एखादं बटण तुटलं की दादा म्हणायचा, "तुला वस्तू टिकवता येत नाही." बटण आधीपासूनच सैल होतं, हे सांगायचं धाडस धाकट्याला तेव्हा झालं नाही आणि आता पन्नाशी जवळ आली तरी झालेलं नव्हतं.

शर्टांचे पैसे दादानं कधी घेतले नव्हते. गाडीचे घेतले. "बाहेरच्याला दीडपट सांगितले असते," तो म्हणाला. "पण घरातच राहू दे."

गाडी नऊ वर्षांची, काळी आणि इतकी लांब, की धाकट्याच्या दारात लावली की शेजाऱ्याचं दारही अर्धं झाकायची. सीटा कातडी. त्या गरम व्हायच्या, गार व्हायच्या, शिवाय बटण दाबलं की पाठ चेपून द्यायच्या. नवी होती तेव्हा तिची किंमत धाकट्याच्या अख्ख्या घराएवढी होती. आता ती एका नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळाली होती. गाडी जुनी होते तशी स्वस्त होते, तिचे पार्ट मात्र नव्या गाडीच्याच भावात राहतात. ही साधी गोष्ट घेणाऱ्याला कुणी सांगत नाही, कारण ज्याला ती माहीत असते तो विकायच्या घाईत असतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी बसली. बंद पडली असं नव्हे, खरोखरच बसली. मागचा डावा कोपरा असा खाली गेला होता की चाक अर्धं आत गडप. धाकट्यानं चावी फिरवली तेव्हा बुडाखालून दम लागल्यासारखा आवाज आला आणि दहा मिनिटांनी गाडीबाई उठल्या.

गॅरेजवाल्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. गाडीला हात लावण्याआधी तो तिला कॉम्प्युटर जोडायचा आणि रिपोर्ट छापून काढायचा, त्यावरून हे नाव पडलं होतं. त्यानं रिपोर्ट वाचला, गाडीखाली वाकून पाहिलं आणि सांगितलं, "हिला स्प्रिंगा नाहीत साहेब. चारी चाकांवर हवेच्या रबरी पिशव्या आहेत. एक गळतेय."

"पंक्चर काढता येईल?"

डॉक्टरनं त्याच्याकडे दयेनं पाहिलं. मग पिशवीची किंमत सांगितली. धाकट्याची दोन महिन्यांची कमाई होती ती. "आणि एकच बदलू नका," डॉक्टर म्हणाला. "या जोडीनं जातात."

धाकटा दातांच्या कवळ्या बनवायचा. घराच्या मागच्या खोलीत त्याचं टेबल होतं. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे साचे पाठवायचे आणि हा त्यावर मेण चढवून, दात रोवून, साचा उकळून कवळी तयार करायचा. खोटे दात खरे वाटले पाहिजेत, यावरच त्याचं पोट चालायचं. त्या खोलीला खिडकी नव्हती. दिवसाही दिवा लावून बसावं लागे आणि डोळ्यांतून पाणी येई. गेली तीन वर्षं खिडकी पाडायची म्हणून पैसे बाजूला पडत होते. पहिल्या जोडीला ते गेले.

त्या रविवारी दादाचा फोन आला. "गाडी कशी आहे?"

"मस्त," धाकटा म्हणाला. "लोण्यासारखी चालते."

पलीकडून दादा नुसतं म्हणाला, "बरं."

पुढच्या रविवारी पुन्हा फोन. गाडी कशी आहे? लोण्यासारखी. त्या आठवड्यात मागच्या दोन्ही दारांचं कुलूप गेलं होतं आणि मागं बसलेल्या माणसाला पुढच्या सीटवरून उतरावं लागत होतं. पण हे दादाला सांगायचं म्हणजे 'तुला वस्तू टिकवता येत नाही' हे पुन्हा ऐकायचं. त्यापेक्षा चार महिन्यांची कमाई परवडली, असा धाकट्याचा हिशेब होता. माणसं याहून मूर्ख हिशेब करतात, पण फार थोडी.

त्याच्या बायकोनं पहिल्या वर्षात एकदाच तोंड उघडलं. "अहो, गाडीला खिडक्या किती?"

"चार. आणि वर एक, टपाला."

"घरातल्या खोलीला?"

एवढं बोलून ती आत गेली. त्या टपाच्या खिडकीतून पाणी गळत होतं, हे धाकट्यानं तिला सांगितलेलं नव्हतं.

मग एक दिवस हेडलाइट लोंबायला लागला. दिवा शाबूत होता. तो जिथं अडकवतात तो बोटभर प्लास्टिकचा कान तुटला होता.

"कान द्या नवा," धाकटा म्हणाला.

"सुटा येत नाही," डॉक्टर म्हणाला. "अख्खा दिवा घ्यावा लागतो." दिव्याला स्वतःचा कॉम्प्युटर होता. किंमत ऐकून धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं.

तुटका कान खिशात घालून तो घरी आला. टेबलावर बसला, दिवा जवळ ओढला आणि कानाचा साचा घेतला. त्यात कवळीचा माल भरला, पितळी पेटीत दाबला आणि भांड्यात उकळला. दीड तासानं कान तयार. घासून पुसून बसवला तर केसभरही फरक नाही. फक्त रंग गुलाबी होता. हिरड्यांचा माल दुसऱ्या रंगात येत नाही.

डॉक्टरनं तो कान बराच वेळ निरखला. "हे चालायचं नाही," तो म्हणाला. महिन्याभरानं म्हणाला, "चालतंय." आणि त्यानंतर काही तुटलं की आपणच तुकडा काढून कागदात गुंडाळून द्यायला लागला. एअर फिल्टरच्या डब्याची खिटी, पाण्याच्या टाकीची मान, वायरी धरणाऱ्या चिमट्या. दोन वर्षांत बॉनेट उघडलं की आतून कुणीतरी तोंड वासून हसतंय असं वाटायला लागलं. धाकट्याला त्याचा छुपा अभिमान होता. पण हवेच्या पिशव्या कवळीच्या मालाच्या होत नाहीत. त्या गळत राहिल्या आणि दादाचे फोन येत राहिले.

दोन वर्षांनी दादा स्वतःच आला. वहिनींच्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. आता आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी हॉस्पिटलला न्यायचं होतं, जायला दोन तास, यायला दोन तास. दादाकडे आता छोटी गाडी होती, निवृत्तीनंतर घेतलेली.

"माझ्या गाडीत प्रत्येक खड्डा तिला कळतो," दादा म्हणाला. "ओठ आवळून बसते बिचारी. सहा महिने आपण गाड्या बदलू. तुझ्या हातात ती लोण्यासारखी चालतेय, तर तिला बरं पडेल." मग चहाचा कप खाली ठेवून, जमिनीकडे बघत तो म्हणाला, "तुझा हात चांगला आहे हं. वस्तू टिकवतोस तू."

चाळीस वर्षं धाकटा या वाक्याची वाट पाहत होता आणि ते आलं ते नेमकं या गाडीवरून. "ने ना," तो म्हणाला. "त्यात काय."

दुसऱ्याच दिवशी गाडी डॉक्टरकडे. रिपोर्टवर अकरा दुखणी निघाली. डॉक्टरनं दहांवर फुली मारली आणि एकावर बोट ठेवलं.

"मागच्या दोन्ही पिशव्यांना पुन्हा चिरा गेल्यात. गावात चालेल. लांबच्या रस्त्यावर वेगात असताना फुटली, तर गाडी धाडकन खाली आपटेल. तुम्ही-मी असलो तर जीभ चावली जाईल, एवढंच. कोण बसणार आहे मागं?"

"वहिनी. मणक्याचं ऑपरेशन झालंय."

डॉक्टरनं हात पुसले. पुसून झाल्यावरही तो पुसत राहिला. "पिशव्या बाहेरून मागवाव्या लागतील. तीन आठवडे. आणि पैसे…" त्यानं आकडा सांगितला. तेवढे पैसे धाकट्याकडे नव्हते, आणि तीन आठवडेही नव्हते. पहिली फेरी सोमवारी होती.

घरी आल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं. "मग दादांना सांगा," ती म्हणाली.

"सांगेन."

रविवारी फोन आला. दादानं विचारलं, "गाडी तयार?" धाकट्यानं श्वास घेतला, तोंड उघडलं आणि म्हणाला, "तयार." फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची शिसारी आली. बायको समोर भाजी निवडत बसली होती. तिनं मान वरसुद्धा केली नाही. त्याचं त्याला जास्त लागलं.

सोमवारी सकाळी आठला दादा आणि वहिनी आले. वहिनींना दोघांनी धरून काळ्या गाडीत मागं बसवलं, पाठीशी दोन उशा दिल्या. वहिनींनी डोळे मिटून मान टेकवली. "अगंबाई, काय आराम आहे हो," त्या म्हणाल्या. "भाऊजी, तुमच्यामुळे सुटले मी." धाकट्याची बायको दारात उभी होती, नवऱ्याकडे एकटक बघत.

दादानं हात पुढे केला. धाकट्यानं त्यावर चावी ठेवली. दादा आत बसला, चावी फिरवली, आणि गाडी सुस्कारा टाकून चटकन वर उठली. आज तेवढी तिनं लाज राखली.

"बघ!" दादा खिडकीतून म्हणाला. "माझ्याकडे असताना उठायला दहा मिनिटं घ्यायची."

त्यानं गिअर टाकला. धाकटा चालत पुढे गेला आणि गाडीसमोर उभा राहिला.

"अरे, सरक."

"बंद कर, दादा."

"उशीर होतोय."

"बंद कर म्हणतो ना!" आपण दादावर ओरडलो हे धाकट्याला ओरडून झाल्यावर कळलं. दादानं गाडी बंद केली. धाकट्यानं बॉनेट उघडलं. दादा उतरून शेजारी येऊन उभा राहिला आणि आत बघत राहिला.

"हे काय आहे?"

"कवळ्या," धाकटा म्हणाला. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. कुलूप, टप, हेडलाइट, पिशव्या, पुन्हा पिशव्या. मागच्या दोन्ही आज फुटतील की महिन्यानं, हे डॉक्टरलाही माहीत नाही, हेही. "ही लोण्यासारखी कधीच चालली नाही, दादा. एक रविवारसुद्धा नाही. मला वस्तू टिकवता येत नाही, असं तू परत म्हणशील म्हणून मी…" त्यानं मागच्या दाराकडे हात केला. "वहिनींना खाली उतरव."

दादानं एक गुलाबी खिटी बोटानं दाबून पाहिली. ती पक्की होती.

मग धाकट्याच्या डोक्यात मघाचं वाक्य उशिरानं उजाडलं. "दहा मिनिटं घ्यायची म्हणालास. तुझ्याकडे असतानाच गळत होती?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं. म्हणूनच विकली." दादा बॉनेटच्या आतच बघत बोलत होता. "बाहेरचा माणूस दुसऱ्या दिवशी येऊन गळा धरतो. तू येणार नाहीस हे ठाऊक होतं मला. गाडी दिली त्या रात्री झोप लागली नाही. म्हणून रविवारी फोन केला. म्हटलं, तू तक्रार केलीस की पैसे परत देऊन टाकू. तू म्हणालास, लोण्यासारखी."

"मग स्वतःच सांगायचंस."

"काय सांगू? धाकट्या भावाला फसवलं म्हणून?" दादानं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "दर रविवारी विचारायचो. दीड वर्षानंतर मला खरंच वाटायला लागलं की गाडी सुधारली. नाहीतर हिला बसवलं असतं का मी तिच्यात?"

धाकट्याला राग येत होता, पण राग नेमका कुणावर काढावा हे ठरत नव्हतं. दादाच्या कपाळावर घाम आला होता. तो अचानक म्हातारा दिसायला लागला होता.

"ते पैसे वर्षभर तसेच ठेवले होते," दादा म्हणाला. "मग आणखी वर्षभर. हात लावला नाही. तू मागशील म्हणून."

"आता?"

दादानं हनुवटीनं मागच्या सीटकडे खूण केली. "मागच्या महिन्यात हिच्या ऑपरेशनला लागले."

वहिनी काच खाली करून सगळं ऐकत होत्या. "झालं का तुमचं?" त्या म्हणाल्या. "साडेदहाची वेळ आहे माझी. कोणत्या का गाडीनं होईना, न्या मला."

तिघांनी मिळून त्यांना उतरवलं आणि छोट्या गाडीत बसवलं. उशा घातल्या, धाकट्याच्या बायकोनं घरातून आणखी दोन आणल्या. दादा चालवायला बसायला गेला तेव्हा चावी दोनदा त्याच्या हातून पडली. मग त्यानं ती उचलून धाकट्याच्या हातात दिली आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाऊन बसला.

गल्लीच्या टोकाला पहिला गतिरोधक आला. धाकट्यानं गाडी जवळजवळ थांबवली आणि मग पुढं नेली. तरी दणका बसलाच.

"वहिनी, दुखलं?"

दादा समोर बघत होता.

"दुखलं," वहिनी म्हणाल्या. "चांगलंच दुखलं."

धाकट्यानं मान डोलावली आणि गाडी आणखी हळू केली.