दुकानापर्यंतचा चढ

नुहा अम्मानमध्ये बायकांना गाडी चालवायला शिकवायची. शिकणारी डावीकडे बसायची आणि नुहा उजवीकडे. कुणी भलतीकडेच वळायला लागली की नुहा डावा हात लांबवून स्टिअरिंग ओढून घ्यायची. वर्षानुवर्षं असं ओढून तिचा डावा खांदा कामातून गेला. ऑपरेशन करायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "निकोटीन पूर्ण बंद. सोडताना लोक घेतात त्या निकोटीनच्या पट्ट्या, गोळ्याही नकोत. शिवलेलं नीट जुळून यायला हवं ना?"

नुहा सिगारेट ओढत नव्हती. तिची ई-सिगारेट होती, द्राक्षाच्या वासाची. सुवासिक वाफच ती, सोडायला कितीसा त्रास होणार, असं तिला वाटलं होतं. पण सिगारेट पेटवावी लागते आणि ती संपते. ही संपतच नसे. एक बाई उतरून दुसरी बसेपर्यंत, सिग्नलला, स्वयंपाक करताना, अंघोळीला जाण्याआधी, नुहा दिवसभर ओढत असायची. किती ओढते हे तिला स्वतःलाही कधी कळलं नव्हतं. बंद केल्यावर कळलं.

डोक्यात सतत ठणका. तोंड आलेलं. भूक अशी की जेवण झाल्या झाल्या पुन्हा फ्रिज उघडायचा. आणि सगळ्यावर एक थकवा, ओली गोधडी अंगावर टाकल्यासारखा. गॅसवर दूध उतू गेलं तरी रडू यायचं, नवऱ्याने चमचा आपटला तरी अंगाची आग व्हायची.

नवरा इयाद बाल्कनीत सिगारेट ओढायचा. शेवटी तोच वैतागला. "ओढ बाई एकदाची परत! खांदा गेला खड्ड्यात. या घरात तोंड उघडायची सोय राहिली नाही."

"तू बाल्कनीचं दार लावून घे," नुहा म्हणाली. "वास आत येतो."

"दार लावलंय."

"मग तू आत येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी उम्म निजार, म्हणजे निजारची आई, शिकायला आली. साठी उलटलेली, गोल चेहऱ्याची, अखंड बोलणारी बाई. नवऱ्याला काचबिंदूने दिसेनासं झालं होतं, म्हणून या वयात ती गाडी शिकत होती. गाडी सुरू झाल्यापासून ती सुनेने केलेल्या भरल्या कोबीबद्दल बोलत होती, आणि समोरून एक माणूस रस्ता ओलांडत होता.

"ब्रेक!" नुहा किंचाळली. स्वतःच्या पायाखालचा ब्रेक तिने दाबला होताच, पण तिचं ओरडणं थांबेना. "ब्रेक म्हटलं की ब्रेक! कोबी नंतर! डोळे कुठे असतात तुमचे? नवऱ्याला दिसत नाही, तुम्हालाही दिसत नाही का?"

उम्म निजारने हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले.

"हे बोलायला नको होतंस, पोरी," ती म्हणाली.

नुहाने तोंड झाकलं आणि ती रडायलाच लागली. रडत रडत तिने सगळं सांगितलं: खांदा, ऑपरेशन, ती वाफ, घरातली भांडणं. "मला माफ करा, खाला. मी अशी नाही हो. आधी गाडी बाजूला घ्या."

उम्म निजारने कशीबशी गाडी बाजूला घेतली. "म्हणजे ते किटलीसारखं तोंडातून काढतात, ते?"

"हो. तेच." नुहाने डोळे पुसले. छातीत कुणीतरी मूठ आवळत होतं. "खाला, पुढून डावीकडे वळा. वर चढावर एक दुकान आहे. मला घ्यायचीय. आज नाही घेतली तर मी कुणाचा तरी जीव घेईन."

"आणि ऑपरेशन?"

"बघू पुढचं पुढे."

"तुझी मर्जी. मी काही तुझी आई नाही," उम्म निजार म्हणाली. "पण गाडी मीच चालवणार. आज शिकायचं मला आहे."

चढ उभा होता. अर्ध्यावर गाडी बंद पडली आणि हळूहळू मागे सरकायला लागली. मागे गाणं वाजवत गॅस सिलेंडर विकणारी गाडी येत होती.

"हँडब्रेक! हां. आता क्लच हळूहळू सोडा. इंजिनाचा आवाज बदलतोय? ऐका. आता रेस द्या. थोडी. थोडी!"

गाडीने उडी मारली आणि पुन्हा बंद पडली.

सिलेंडरवाल्याने खिडकीतून मान काढली. "हज्जा आजी, आज पोचायचंय का ईदला?"

"तू आपलं गाणं वाजव!" उम्म निजार ओरडली. "चांगलं चाललंय!"

पुन्हा हँडब्रेक, पुन्हा क्लच. नुहाचे कान इंजिनाकडे, डोळे आरशात, पाय ब्रेकवर. मधे एकदा तिने उम्म निजारचा गुडघा धरून क्लच कुठवर सोडायचा ते दाखवलं. कितीतरी वेळा गाडी बंद पडली. शेवटी एकदा इंजिन घरघरलं आणि गाडी वर चढत गेली, थेट दुकानाच्या दारापर्यंत.

"चढवली!" उम्म निजारला घाम फुटला होता. "बघितलंस? मी चढवली!"

नुहाने गाडीच्या दाराला हात लावला. काचेमागे रंगीबेरंगी नळ्या मांडल्या होत्या, दुकानदार फोनमध्ये डोकं घालून बसला होता. छातीतली मूठ सैल झाल्याचं तिच्या लक्षात आलं. पूर्ण गेली नव्हती, पण सैल झाली होती. आणि उतरायचं, आत जायचं, कुठला वास हवा ते सांगायचं, या सगळ्याचा तिला विलक्षण कंटाळा आला.

"जायचं नाही?" उम्म निजारने विचारलं.

"थांबा जरा."

उम्म निजारने पर्समधून झातरचा तिळाचा मसाला लावलेली रोटी काढली, अर्धी तोडून दिली. दोघी खात बसल्या. नुहाने बाकीची अर्धीही मागून घेतली.

"चला," ती म्हणाली. "खाली घ्या. उताराला दुसरा गिअर."

तिथे सगळं संपलं असं नाही. त्याच संध्याकाळी मूठ पुन्हा आवळली, दुसऱ्या दिवशी पुन्हा. एकदा तर तिने इयादच्या हातातली सिगारेट हिसकावून दोन झुरके मारले आणि खोकून खोकून ओकली. इयाद पाणी घेऊन आला. डॉक्टरांना तिने तेही सांगितलं. त्यांनी ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली. नुहाने मान डोलावली. भांडायची ताकद नव्हती.

उम्म निजार परीक्षेत एकदा नापास झाली, मग पास झाली. पुढे नुहाचं ऑपरेशन झालं. हात गळ्यात बांधून ती दुपारी सोफ्यावर पडून राहायची. कधी कधी अजून छातीत काहीतरी आवळायचं. मग ती डोळे मिटून, ते जाईपर्यंत वाट बघायची.