ताटातली अक्षरं

"आलं, आलं! अक्षर आलं!"

उचगावच्या पुढं उभारलेल्या पत्र्याच्या मांडवात एकच गलका उठला. मागचे लोक खुर्च्यांवर चढले, पुढच्यांनी मोबाइल उंचावले. व्यासपीठावर अक्षरानंद महाराजांनी पितळी ताट तिरकं धरलं होतं. आत्तापर्यंत ते लख्ख कोरं होतं. महाराजांनी त्यावर लांब फुंकर घातली, मूठभर विभूती टाकली, ताट झटकलं आणि काठाकाठानं गोल अशी राखेची अक्षरं उमटली.

"वाचा, पावणं, वाचा!" महाराज गरजले. "खोटं बोलायला जीभ लागती. मेलेल्याकडं नुसतं अक्षर उरतंय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. या महाराजांकडं नाव नोंदवलं की पाळी पुढच्या सोमवारी येई. आत्म्याला अक्षरं जुळवायला आठवडा लागतो, असं त्यांचा चेला सम्राट सांगे. आठवडा आत्म्याला लागतो की आणखी कुणाला, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही.

पहिल्या रांगेतल्या बसम्मांनी ताटाकडं पाहिलं मात्र, त्या ओक्साबोक्शी रडू लागल्या. ते वळण त्यांच्या अमरेशचं होतं. थोरला मुलगा, हातानं पाट्या रंगवणारा. मुरगूडपासून कुरुंदवाडपर्यंत कितीतरी दुकानांवर त्याचं अक्षर अजून होतं. तो मात्र दोन वर्षांपूर्वी पन्हाळ्याच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडून गेला होता.

ताटात लिहिलं होतं, 'अव्वा, औषध सोड. मी हाय.'

शेजारी बसलेली विद्याश्री, अमरेशची धाकटी बहीण, तीही क्षणभर विरघळली. अण्णाचंच अक्षर. त्याचा तो पोटात फुगलेला 'व', त्याची झोकदार वेलांटी. मग तिची नजर 'औषध'मधल्या 'ष'वर गेली आणि तिथंच अडकली.

विद्याश्री शाहूपुरीतल्या एका गाळ्यात फ्लेक्सची डिझाइनं करायची. अण्णाच्या पहिल्या पुण्यस्मरणाला, कोल्हापूरच्या रिवाजाप्रमाणं, चौकात बोर्ड लावायचा होता. भावाचा बोर्ड कॉम्प्युटरच्या तयार अक्षरांत करायला तिचं मन धजेना. तिनं गावोगावच्या पाट्यांचे फोटो गोळा केले, त्याचं एकेक अक्षर पडद्यावर गिरवून घेतलं आणि त्याची सगळी बाराखडी उभी केली. 'तुझ्याविना पहिलं वर्ष' एवढंच लिहायचं होतं. पण 'ष' कुठल्याच पाटीवर सापडेना. शेवटी तिनं त्याचा 'प' घेतला आणि त्याच्याच 'र'ची तिरकी रेघ कापून आत बसवली. रेघ आखूड पडली, म्हणून ओढून लांब केली. ओढताना ती टोकाला फुगली. तशीच राहू दिली.

ताटातल्या 'ष'ची रेघ टोकाला तशीच फुगली होती. तो 'ष' अण्णानं जन्मात कधी काढला नव्हता. तो विद्याश्रीनं केला होता, रडत रडत.

छपाईसाठी तिनं ती अक्षरं प्रेसवाल्याकडं पाठवली होती. तिथून ती कुणीही उचलली असती. आणि सम्राटचं तर स्टिकर कापायचंच दुकान होतं.

घरी गेल्यावर बसम्मांनी औषधाऐवजी घ्यायला म्हणून मांडवात विकत घेतलेली विभूतीची पुडी देव्हाऱ्यात ठेवली आणि हृदयाच्या गोळ्यांची डबी फडताळात टाकून दिली. चार दिवसांत त्यांचे पाय सुजले. दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागू लागली. विद्याश्रीनं हातापाया पडून पाहिलं.

"तुझं ऐकू का त्येचं?" बसम्मा म्हणाल्या. "त्यो वरनं बघतोय."

तेव्हा विद्याश्री उठली आणि गाळ्यावर गेली. पडद्यावर एक वर्तुळ काढलं, त्याच्या कडेवर अण्णाची अक्षरं बसवली. संगणक आज्ञाधारक असतो. ओळ सांगाल तशी वाकते. ती अक्षरं तिनं स्टिकरच्या कागदातून कापून घेतली, कागद घरच्या पितळी ताटाला चिकटवला, अक्षरांच्या मोकळ्या जागेत पातळ डिंक लावून वाळवला आणि कागद सोलून काढला. ताट कोरं दिसत होतं.

संध्याकाळी तिनं ते आईसमोर धरलं. फुंकर घातली, ओलाव्यानं डिंक जागा झाला. वर चुलीतली राख टाकली.

'अव्वा, गोळ्या घे.'

बसम्मांचा चेहरा असा उजळला की विद्याश्रीला बघवेना. त्या धडपडत उठल्या, डबी शोधली, गोळी तोंडात टाकली. "माझं लेकरू! काळजी लागलीया त्येला माझी!"

विद्याश्री इथं गप्प बसली असती तरी चाललं असतं. आई जगली असती, आनंदात जगली असती. पण तिनं सगळं सांगितलं. डिंक, कागद, आणि तो 'ष'सुद्धा.

बसम्मांनी ताट मांडीवर ओढून घेतलं.

"मग सांगितलंस कशाला?" त्या म्हणाल्या. "एवढं तरी खोटं ऱ्हाऊ द्यायचं हुतं की."

"मी अण्णाला 'घे' लिवाय लावलं, अव्वा. त्यो माणूस उद्या कायबी लिवाय लावंल. अण्णाच्या अक्षरात."

"मग त्यो कुठं हाय?"

"कुठंच न्हाय, अव्वा. गेला अण्णा."

अपघाताच्या दिवशी दवाखान्याच्या दारात हे तिलाच सांगावं लागलं होतं. पुन्हा तिच्याच तोंडून यावं, याचा तिला स्वतःचाच राग आला. बसम्मा तिच्याशी बोलेनाशा झाल्या. गोळ्या मात्र वेळेवर घेत राहिल्या.

सोमवारी त्याच म्हणाल्या, "चल मांडवात."

मागच्या सोमवारीच त्यांनी पुन्हा नाव नोंदवलं होतं. त्यांच्या नावाचा पुकारा झाल्यावर त्या वर चढल्या, महाराजांच्या हातातलं ताट घेतलं, ओल्या रुमालानं खसाखसा पुसलं आणि पदरानं कोरडं केलं.

"माउली, विटाळ करू नका!" महाराज ओरडले.

"का? पुसलेल्या ताटात लिवाय येत न्हाय व्हय माझ्या पोराला? टाका की राख!"

लोकांनी आग्रह धरला. महाराजांनी फुंकर मारली, राख टाकली, ताट झटकलं. राख घसरून खाली पडली. सम्राट माइकची वायर गुंडाळू लागला. विद्याश्रीनं डिंकाची युक्ती सगळ्यांना सांगितली, पण लोक बसम्मांकडंच बघत होते.

"त्यो असावा असं माझ्याइतकं कुणाला वाटतंय?" बसम्मांचा आवाज फाटला. "पर मेलेलं माणूस लिवत न्हाय, बाबांनो. लिवणारा जिता असतोय. त्यो कोण आणि कशापायी लिवतोय, तेवढं इचारा. आणि औषधाचं डॉक्टरला इचारा."

पुढची पाळी हंबीररावांची होती. थकलेला शेतकरी गडी, पाळीसाठी चेल्यानं हातात दिलेलं कोरं ताट छातीशी धरून कोपऱ्यात बसला होता.

"आमचं तेवढं पुसू नगंसा, बाई," ते म्हणाले. "बायकोचं हाय."

बसम्मांनी ताटाला हात लावला नाही. त्यांच्याजवळ खाली बसल्या आणि ओला रुमाल पुढं केला.

"तुमीच पुसा," त्या म्हणाल्या. "मी बसती हितंच."

हंबीररावांनी रुमाल घेतला. मांडव निम्मा रिकामा झाला तरी ते तसेच बसून होते. मग त्यांनी काठापासून, हळूहळू, पुसायला सुरुवात केली.