शिवणीतली माया

मी एक जुना वकिली कोट आहे. मित्रांनो, इंदापुरात गंगाराम टेलरांनी मला शिवलं. आत कुणी डोकावणार नव्हतं, तरी त्यांनी माझ्या शिवणींच्या कडांना बारीक पट्टी लावली आणि मगच अस्तर चढवलं. बुद्धघोष वकिलांच्या अंगावर मी बारामतीच्या कोर्टात कितीतरी उन्हाळे काढले. लोक माझं कौतुक करायचे. वकीलसाहेब वारले आणि मी कपाटात अडकलो. दमट हवेनं अस्तर काखेत विरलं.

त्यांची लेक तेजश्री वकील झाली. पहिल्या सुनावणीला बाबांचाच कोट घालायचं तिनं ठरवलं. पण कबड्डी खेळून तिचे खांदे रुंद झालेले. तिनं हात पुढं केले आणि माझं अस्तर टरकन फाटलं.

"नवा घे की," तिची आई सारजा म्हणाली. "त्यांची एवढीच खूण हाय. ती बी जायची."

"एकदा गंगारामआबांना दाखवू," तेजश्री म्हणाली.

दोघी मला दुकानात घेऊन गेल्या. आबांनी मला उजेडात धरलं. "पाठ उसवून वाढवाय लागंल. शिवणीच्या आत किती माया, म्हंजी जादा कापड, सोडलीया, आठवत न्हाय. कडंचं कापड विरलं असंल तर ह्यो कोट पुन्हा जुळायचा न्हाय. बघ पोरी."

तेजश्री म्हणाली, "उसवा."

अस्तर निघालं. पाठीच्या शिवणीवर ब्लेड टेकलं, तशी सारजा दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. एकेक टाका तुटत होता आणि मी आता फाटतो की मग, असं मला वाटत होतं. शेवटी आबांनी दोन्ही कडा चिमटीत धरून ताणल्या. पट्टीनं बांधलेल्या कडांचा धागासुद्धा हलला नाही.

"माया हाय," आबांनी श्वास सोडला. "पर कोट उन्हानं विटलाय, आतलं कापड तसंच ऱ्हायलंय. मधी काळा पट्टा दिसंल."

"दिसू दे."

आबांनी शिवण सरकवली. नव्या अस्तराला पाठीत एक सैल चुणी ठेवली, म्हणजे हात मोकळे फिरतील.

कोर्टात तेजश्री उभी राहिली तेव्हा माझ्या आत तिचा घाम गार पडला होता. कागद देण्यासाठी तिनं हात लांबवला. माझी पाठ ताणली गेली. टाका टिकला. तिचा पहिला शब्द कापरा निघाला, दुसरा नाही.

ती बाहेर थांबलेल्या सारजापाशी आली, तेव्हा एक कारकून म्हणाला, "मॅडम, पाठीला काहीतरी लागलंय."

तिच्याआधी सारजाच बोलली, "लागलं न्हाय. हिच्या बाबांच्या कोटाचा खरा रंग हाय तो."

मित्रांनो, जुना कपडा टाकण्याआधी एकदा उलटा करून बघा. आणि नवा शिवायला द्याल तेव्हा आत थोडी माया सोडायला सांगा. पुढं तो कुणाला घालावा लागेल, हे आज कुणालाच ठाऊक नसतं.