चार वाजता वाचलेलं नाव

पंधरा दिवस मी हर्सूलला जायचं टाळलं. आज पाठ धरली, उद्या ऊन फार, परवा सुट्टी मिळत नाही. सबबींना काय तोटा? खरं म्हणजे वच्छलाबाईंसमोर उभं राहायची माझी छाती होत नव्हती.

मी रत्नमाला. आमच्या शहरातल्या केबलवर तीस वर्षं स्थानिक बातम्या वाचतेय. सुरुवातीला दिवसातून एकच बातमीपत्र असायचं, संध्याकाळी सातला. दुपारी रेकॉर्डिंग करायचं आणि कॅसेट स्कूटरवरून केबलवाल्याकडे पोहोचवायची. नळाला पाणी कधी येणार, कोणाचा सत्कार झाला, मोंढ्यात काय भाव निघाला, संपल्या बातम्या. संपादक तात्यासाहेब प्रत्येक कागद स्वतः तपासायचे. त्यांचा एक नियम होता: अपघातात गेलेल्याचं नाव त्याच्या घरी निरोप पोहोचल्याशिवाय वाचायचं नाही. एकदा गारखेड्यातल्या एका माणसाचं नाव हाती असूनही त्यांनी दोन दिवस अडवून ठेवलं होतं, कारण घरचे लग्नासाठी परगावी गेले होते.

तात्यासाहेब गेले. आता चॅनल फोनवरही दिसतं, बातम्या दिवसभर चालतात आणि पोरंपोरी उभ्याने हातवारे करत, जत्रेतल्या पाळणेवाल्यासारखी ओरडतात. मी त्यांना नावं ठेवायची. खुर्चीत बसून शांत वाचण्याचा मला भारी तोरा होता. मनातून भीतीही होती, की एक दिवस मालक मला घरी बसवणार.

त्या मंगळवारी चारच्या बातम्या मी लाइव्ह वाचत होते. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात भट्टी फुटली होती. दोन चॅनलांनी 'एक ठार' दाखवायला सुरुवात केली होती, पण नाव कोणाकडेच नव्हतं. तेवढ्यात आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाव आलं, कारखान्याच्या गेटवरच्या कोणीतरी पाठवलेलं. आमची प्रोड्यूसर रूपाली माझ्या कानातल्या इअरफोनमध्ये म्हणाली, "ताई, कन्फर्म नाही अजून. थांबू या का?"

माझ्या मुलीच्या वयाची पोरगी मला तात्यासाहेबांच्या नियमाची आठवण करून देत होती, आणि मला त्याचाच राग आला. सगळ्यांच्या आधी नाव माझ्या तोंडून जावं, म्हातारीत अजून दम आहे हे या पोरांना दिसावं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. "हर्सूल येथील कडुबा सांडू दांडगे यांचा जागीच मृत्यू झाला," असं मी माझ्या नेहमीच्या संथ, स्पष्ट आवाजात वाचलं.

कडुबा तेव्हा जिवंत होता. घाटी दवाखान्यात होता, शुद्धीवर होता. सहाच्या सुमाराला गेला. आम्ही साडेचारला खालच्या पट्टीवर बारीक अक्षरांत दुरुस्ती फिरवली होती. कडुबाच्या आईला, वच्छलाबाईंना, वाचता येत नाही हे मला मागाहून कळलं. मालक म्हणाले, जाऊ द्या, शेवटी बातमी खरीच ठरली ना. ते ऐकून मला माझीच शिसारी आली.

काल शेवटी गेले. वच्छलाबाईंनी मला दारातच ओळखलं. पदराने खुर्ची पुसली, सुनेला चहा टाकायला सांगितला. आधीची दोन लेकरं दगावली, म्हणून हे तरी जगावं यासाठी कडू नाव ठेवलं होतं, असं त्या सांगत राहिल्या. मी घरून पाठ करून आणलेली वाक्यं पार विसरले.

"मावशी," मी म्हणाले, "मी नाव वाचलं तेव्हा कडुबा जिवंत होता. मी खातरजमा केली नाही. चूक माझीच आहे."

त्या शिव्या देतील, हाकलून लावतील असं वाटलं होतं. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली. त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी त्या घरात एकट्याच होत्या आणि सून, मोनिका, दवाखान्यात पोहोचली होती. पाचच्या आधीच तिने तिथून फोन केला होता.

"मोनिका म्हणली, आत्याबाई, ते जित्ते हायत, तुमचं नाव घ्यायलेत, रिक्षा करून या," वच्छलाबाई म्हणाल्या. "मी गेलेच नाय. मला वाटलं, पोरगी माझी समजूत घालायली. तिला म्हणलं, मला फसवू नको. टीव्हीवरच्या बाईनं सांगितलंय, अन् ती बाई कधीच खोटं बोलत नाय."

मोनिका चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तीस वर्षांत माझ्यावर एवढा विश्वास कोणी टाकला नव्हता. मला त्या खुर्चीतून उठता येईना.