ट्रायलला कोण बसणार

दहावा घाव बसला तरी चाकाचा नट जागचा हलला नाही. सहादूने तांब्याचा हातोडा खाली ठेवला, कपाळाचा घाम बाहीने पुसला आणि पुन्हा हातोडा उचलला. तेवढ्यात मागून गाडीमालकांचे जावईबापू म्हणाले,

"मिस्त्री, तुम्ही नट खोलताय की आवळताय?"

अंगणात बघ्यांची कमी नव्हती. नगरलगतच्या नागापूरच्या त्या गल्लीत लाल रंगाची, बिनछपराची, दोनच सीटची गाडी आली म्हटल्यावर कामावर निघालेली माणसंसुद्धा सायकल टेकवून उभी राहिली होती. ती सगळी हसली. सहादू हसला नाही. तीस वर्षं त्याने ट्रकची चाकं खोलली होती, आणि ट्रकच्या डाव्या चाकाचे आटे उलटे असतात हे त्याच्या मनगटाला झोपेतही पाठ होतं. या विलायती गाडीचा कारभार नेमका विरुद्ध: डावीकडे सुलटे आटे, उजवीकडे उलटे. म्हणजे मिस्त्रीने सकाळच्या पारी, चारचौघांच्या देखत, घट्ट नट दहा घाव घालून आणखी घट्ट करून ठेवला होता.

"चुकलं," सहादू म्हणाला. आणि दुसऱ्या दिशेने मारायला लागला.

एवढ्या माणसांसमोर 'चुकलं' म्हणणारे मिस्त्री मी तरी फार पाहिलेले नाहीत. बहुतेक जण नटाला शिव्या देतात.

गाडी होती नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची, गुगळे डॉक्टरांची. त्यांच्या वडिलांनी हौसेने घेतलेली, आणि वडील गेल्यापासून अठरा वर्षं शेडमध्ये धूळ खात पडलेली. डॉक्टरांनी इंजिन चालू करून घेतलं होतं, गिअरही पडत होता, पण गाडी ढिम्म हलत नव्हती. मागच्या दोन चाकांना फिरवणारे दोन लोखंडी दांडे असतात, त्यांना शाफ्ट म्हणतात. त्यातल्या डाव्याचे आतले दात पार झिजून गेले होते. डॉक्टरांच्या बहिणीने विलायतेहून नवी जोडी पाठवली होती, पण जुने शाफ्ट निघतील तर नवे बसणार! शहरातल्या दोन गॅरेजवाल्यांनी सांगितलं, गॅसने कापावं लागेल. डॉक्टर कापायला तयार नव्हते. सहादू म्हणाला, "माझ्या घरी आना. न कापता काढतो."

डॉक्टरांचे जावई, पंकजराव, पुण्यात इंजिनिअर होते. त्यांचा या घरगुती कारभारावर काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी सासऱ्यांचा मान राखला, पण चार वाजताचा टेम्पोही सांगून ठेवला. तोवर शाफ्ट बाहेर आले तर ठीक, नाहीतर गाडी टेम्पोवर चढवून पुण्याला.

सहादूचं सगळं त्या चार वाजण्यावर येऊन ठेपलं होतं. शहाण्णव सालचा मार्च चालू होता. तो ज्या कारखान्याचे ट्रक सांभाळायचा तो बंद पडून सात महिने झाले होते. घराच्या भिंतीवर त्याने 'सहादू मिस्त्री' असा बोर्ड स्वतःच्या हाताने रंगवला होता, पण त्या बोर्डाखाली आजवर आली ती दोन लुना आणि एक सायकल. सोमवारपासून एका गोडाऊनवर वॉचमन म्हणून ये, असा निरोप होता. आज त्याच्या अंगणातून गाडी टेम्पोवर चढून गेली असती, तर गल्लीने पाहिलं असतं, आणि तो बोर्ड त्याने स्वतःच उतरवला असता. हे त्याने बायकोला सांगितलं नव्हतं. गीताबाईला ते ठाऊक होतंच.

"मग, सहादू, ट्रायलला माझ्या शेजारी तूच बसणार ना?" डॉक्टरांनी सकाळी चेष्टेने विचारलं होतं.

"रीतच हाय, डॉक्टरसायेब. ज्याच्या हातनं काम झालं त्यानं ट्रायलला बसायचं. चाक निखळलं तर त्याच्याबी खालचं निखळू द्या."

अकरा वाजता चाक निघालं. मग खरी गंमत सुरू झाली. चाक ज्याच्यावर बसतं तो हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर ठोकून बसवलेला असतो. तो निघाल्याशिवाय शाफ्ट ओढता येत नाही. सहादूने त्याला तीन पायांचा पुलर, म्हणजे ओढून काढायचं हत्यार, लावला, मधला स्क्रू आवळला, पाइप घालून आणखी आवळला. पुलरचा एक पाय वाकला. तो ठोकून सरळ केला, पुन्हा लावला. हब अठरा वर्षांचा हट्टी. दीड वाजला, अडीच वाजले. बघे जेवून परत आले.

"गॅस मागवू का?" पंकजरावांनी विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती, हे जास्त वाईट होतं.

"गॅस एकाच जागी जाळतो, सायेब. हब वाकडा हुईल."

गीताबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. ती गाडीशी वाकली आणि हबकडे बघत राहिली.

"गॅस कशाला पायजे? धाव चढवत्यात तसं तापवा की."

"म्हणजे?" पंकजरावांनी विचारलं.

"बैलगाडीच्या चाकाला लोखंडाची धाव असती ना, सायेब. गोवऱ्याच्या जाळावर ती सगळीकडनं सारखी तापवायची. फुगली की अलगद चढती. माझा बाप घोडेगावात दर बाजाराला दहा-दहा जोड्या चढवायचा. चढवायला फुगती तर काढायलाबी फुगंल की."

सहादूने बायकोकडे पाहिलं. त्याने एवढंच विचारलं, "गोवऱ्या किती हायती?"

पेट्रोलची टाकी त्याने सकाळीच रिकामी करून, काढून परसात नेऊन ठेवली होती. आता गाडीच्या मागच्या अंगावर ओली पोती टाकली, वाळूची बादली जवळ घेतली. गीताबाईने घमेल्यात निखारे पाडले, विटा रचून घमेलं हबखाली ठेवलं, आणि काठीने हब हळूहळू फिरवायला लागली. भाकरी निखाऱ्यावर फिरवावी तशी, न थांबता. शाफ्टच्या उघड्या टोकावर सहादू ओलं फडकं धरून बसला. हब तापला पाहिजे आणि शाफ्ट थंड राहिला पाहिजे, सगळी कारागिरी त्यात होती. मधूनच ती कडब्याची काडी हबला लावून बघायची. सव्वातीन झाले तेव्हा काडी न पेटता धुरकटली.

"झालं. आता घण."

सहादूने पुलर पुन्हा लावून आवळला; आता त्याच्या स्क्रूच्या डोक्यावर घाव बसायला हवे होते. घण घरातच होता. तिच्या बापाचा. बाप गेल्यावर तो तिने माहेराहून मागून आणला होता, आणि गेली नऊ वर्षं पाण्याच्या टाकीवरचा पत्रा वाऱ्याने उडू नये म्हणून तो पत्र्यावर ठेवलेला असे. पंकजरावांनीच तो उचलून आणला आणि बाह्या सावरल्या. सहादूचा उजवा खांदा कारखान्यातच निकामी झाला होता, हात कानाच्या वर जात नव्हता. जावईबापूंनी जोर लावून घण घातला. तो पुलरच्या कडेला घसरला आणि मडगार्डपासून चार बोटांवरून गेला. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

"सरका, सायेब," गीताबाई म्हणाली.

तिने पदर कमरेला खोचला. सहादू उठून उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता, आणि का ते तिला माहीत होतं. लग्न ठरलं तेव्हा तिच्या बापाने त्याला एकच गोष्ट विचारली होती. "माझ्या बायकोनं जलमभर घण मारला. लेकीला मारायला लावशील का?" बावीस वर्षांच्या सहादूने छाती काढून सांगितलं होतं, "मिस्त्रीची बायको हाय ती. घणाला हात लावू देनार न्हाई." सत्तावीस वर्षं त्याने तो शब्द पाळला होता. दोन्ही पुरुष भले होते. फक्त गीताबाईला कुणी विचारलं नव्हतं. तिला घण आवडायचा.

"गीते, नगं. मी बापाला तुझ्या..."

"बापाला मी सांगते वर गेल्यावर. हब निवतोय. अवं, जागा दावा!"

सहादूने घड्याळाकडे पाहिलं नाही, माणसांकडे पाहिलं नाही. त्याने छोटा हातोडा उचलला. भट्टीवर बोलायची सोय नसते. लोहार छोट्या हातोड्याने टिक करून जागा दाखवतो, घणवाल्याने तिथेच मारायचं. नवरा-बायको असे आयुष्यात कधी समोरासमोर उभे राहिले नव्हते.

टिक. धाड!

टिक. धाड!

तिसऱ्यांदा टिक करताना सहादूने हातोडा केसभर डावीकडे नेला. तिचा घण केसभर डावीकडे आला. बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला आणि हब उडी मारून ओल्या पोत्यांवर जाऊन पडला. पोत्यातून चर्र करून वाफ निघाली.

गल्ली अशी ओरडली की पलीकडच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडायला उठली. सहादूने बाकीचे बोल्ट भराभर सोडले, शाफ्टला दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. तो आला. तेलाने माखलेला, टोकाचे दात झिजलेला, पण अखंड. डॉक्टरांनी पांढऱ्या शर्टाची पर्वा न करता तो छातीशी धरला.

"दुसरा," गीताबाई म्हणाली. तिने घण खाली ठेवलाच नव्हता.

उजवीकडचा नट सहादूने पहिल्या घावालाच योग्य दिशेला फिरवला, आणि पंकजरावांकडे बघून मिशीतल्या मिशीत हसला. निखारे तयारच होते, मनही तयार होतं. गल्लीच्या तोंडाशी टेम्पोचा हॉर्न वाजला तेव्हा दुसरा शाफ्ट पोत्यावर पहिल्याशेजारी पडला होता. पंकजराव स्वतः चालत टेम्पोपर्यंत गेले. "परत जा," ते ड्रायव्हरला म्हणाले, "इथलं काम इथेच झालं." माणूस वाईट नव्हता.

नवे शाफ्ट बसायला दुसरा दिवस गेला. रविवारी सकाळी पेट्रोल भरून डॉक्टर गाडीत बसले, इंजिन चालू केलं आणि शेजारच्या सीटवर हात मारला.

"या मिस्त्री. रीत म्हणजे रीत."

सहादूने आज धुतलेला शर्ट घातला होता. तो गाडीला वळसा घालून आला, त्याने ते इवलंसं दार उघडलं आणि दारात उभ्या असलेल्या बायकोला हाक मारली.

"गीते, बस."

"मी? अवं, काय येडं का काय! लोक बघत्यात."

"बघू दे. शेवटचा घाव कुनाचा हुता? ज्याच्या हातनं काम झालं त्यानं ट्रायलला बसायचं. कुठवर जायचं ते डॉक्टरसायबांना तूच सांग."

गीताबाई पदर डोक्यावरून घेऊन, कानामागे घट्ट खोचून, आत बसली. गाडी एवढी बुटकी की तिला वाटलं आपण जमिनीवरच पाट मांडून बसलोय. तिने समोर पाहिलं.

"घोडेगाव," ती म्हणाली. "बाजारतळापाशी माझ्या बापाची भट्टी हुती. तितपर्यंत."

सहादूने दार लावलं. त्याने खिशातून पाना काढला आणि दारावर, तिच्या हाताजवळ, हळूच एकदा वाजवला. टिक.

गाडी निघाली.